मदत हवी आहे: मेलेल्या डिस्कचा लाल दिवा लिनक्समधून कसा लावायचा?

मंडळी, १२ बेचा (म्हणजे १२ डिस्कच्या खणांचा) स्टोरेज सर्व्हर आहे. एक्स्पांडरवालं सॅस बॅकप्लेन (सगळ्या डिस्क जोडल्या जातात तो बोर्ड), एचबीए (डिस्क जोडणारं कार्ड) आयटी मोडमध्ये, म्हणजे स्वतः रेड न करता डिस्क थेट लिनक्सला दाखवणारं, वर एमडी रेड ६ (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड, दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो). रेड कार्ड नसल्यामुळे डिस्क गेली की लाल दिवा आपोआप लागत नाही. डेटा सेंटरमधला माणूस फोनवर विचारतो, "साहेब, नेमकी कुठली ओढू?" रेड ६ असली तरी चुकीची डिस्क ओढण्याचा प्रयोग मला करायचा नाही.

लेडसीटीएल या दिव्यांच्या कमांडने लोकेटचा (डिस्क ओळखण्याचा) दिवा झकास लुकलुकतो. (मायनस एक्स द्यायला विसरू नका, नाहीतर बाकीच्या डिस्कचे दिवे ते बंद करून टाकतं.) अडचण पुढे आहे. डिस्क पूर्ण मेली की तिचं लिनक्समधलं एसडीएफ वगैरे नावच गायब होतं, मग लेडसीटीएलला सांगायचं काय? एसजी_एसईएस या बॅकप्लेनशी थेट बोलणाऱ्या कमांडने स्लॉटचा इंडेक्स देऊन फॉल्ट (लाल दिवा) सेट होतो, पण इंडेक्स शून्यापासून आणि ट्रेवरचे आकडे एकपासून. शिवाय लेडमॉन (पार्श्वभूमीत दिवे सांभाळणारा प्रोग्राम) चालू असेल तर लोकेट सोडून बाकी दिव्यांवर शेवटचा शब्द त्याचाच.

एमडीएडीएमच्या (एमडी रेड सांभाळणाऱ्या कमांडच्या) मॉनिटरला प्रोग्राम जोडून, फेल इव्हेंट येताच सिसएफएसमधल्या (लिनक्सच्या /sys मधल्या) एन्क्लोजरच्या, म्हणजे डिस्कच्या पेटीच्या, फॉल्ट फाइलमध्ये १ लिहावा असं डोक्यात आहे. तोवर डिस्कची स्लॉटकडे जाणारी लिंक शिल्लक राहते का? की सिरियल नंबर आणि स्लॉटचा तक्ता आधीच करून ठेवावा? आणि नवी डिस्क बसल्यावर दिवा विझवायचं काम तुम्ही कशावर सोपवता? कुणाची चालती स्क्रिप्ट असेल तर प्लीज टाका.