परलोक-संवादाची फी: घ्यावी का, आणि घेतली तर कशी?

उंबरठा
मृतांशी बोलणं करून देणारे मीडियम आता झूमवर बसतात, क्यूआर कोड पाठवून पैसे आगाऊ घेतात. जुनी मंडळी म्हणतात विद्या विकू नये, विकली की जाते. मीडियम म्हणतात, आमचा वेळ जातो, फुकट का करावं? खरं-खोटं हा वाद इथे नको. मीडियमचा स्वतःचा प्रामाणिक विश्वास आहे असं धरून चाला. मग फी घेणं कुठवर ठीक आणि फसवणूक कुठून सुरू होते? कायद्याचं काय? नेमकं सांगा.

तिरकीट
पहिल्या फीत काही गैर नाही. गोम दुसऱ्या बिलात असते. पहिल्या बैठकीत एवढंच निघतं की "वडील शांत नाहीत, काहीतरी राहून गेलंय". ते काय, हे कळायला दुसरी बैठक. तिच्यात पितृदोष निघतो, मग त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण नागबळी, मग घरात ठेवायचं यंत्र. पहिले पैसे माणूस विचार करून देतो, पुढचे घाबरून.

"इच्छेने द्या" हे जास्त सोवळं वाटतं, पण नाही. ताटात आधीच पाचशेच्या दोन नोटा ठेवलेल्या असतात. त्यावर पन्नासची कोण ठेवणार? पावती नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. त्यापेक्षा आधी सांगितलेला ठरावीक आकडा बरा.

फी वेळेची असावी, निकालाची नाही. "संपर्क झाला नाही तर पैसे परत" हे ऐकायला प्रामाणिक वाटतं, पण त्यानेच सगळं बिघडतं: पैसे परत जाऊ नयेत म्हणून मीडियम काहीतरी जुळेपर्यंत चाचपडत राहतो. अर्ध्या तासाचे अमुक, कुणी आलं नाही तरी तेवढेच. फक्त पहिल्या दहा मिनिटांत समोरच्याला उठावंसं वाटलं तर पूर्ण परतावा, कारण न विचारता. पुढची बैठक तीन महिन्यांच्या आत नाही. वस्तू विकायची नाही, कुठल्या गुरुजींकडे पाठवून कमिशन घ्यायचं नाही. आजार, कोर्टकज्जा, इस्टेटीची वाटणी, हरवलेलं माणूस, हे प्रश्न घ्यायचेच नाहीत. आणि रेकॉर्डिंग ग्राहकाला द्यायचं.

काळा कोट
महाराष्ट्रापुरतं सांगतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात फी घेणं हा गुन्हा नाही. अंगात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून भीती घालणं, सल्ला ऐकला नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, चमत्कार दाखवून पैसे कमावणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. दखलपात्र आणि अजामीनपात्र. ज्योतिष आणि वास्तूचा सल्ला या कायद्यातून वगळलेला आहे, त्यामुळे बरेच मीडियम पाटीवर "ज्योतिष मार्गदर्शन" लिहितात. पाटी बदलून कृती बदलत नाही. तिरकीट म्हणतात ते दुसरं बिल भीती घालून काढलेलं असेल तर ते थेट या कलमांत येऊ शकतं.

यंत्र-ताईत विकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दैवी गुण सांगून टीव्हीवर यंत्रं विकण्याच्या जाहिराती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. आणि रोगावर मंत्र, ताईत, कवच यांची जाहिरात केली तर 1954 चा औषधे व जादुई उपचार कायदा वेगळा लागतो.

"प्रामाणिक विश्वास" या मुद्द्यावर इंग्लंडचं उदाहरण बघा. तिथे 1951 पासून खास फसव्या मीडियमसाठी कायदा होता, पण फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि तो सहसा होत नसे. 2008 मध्ये तो रद्द करून हे प्रकरण ग्राहक संरक्षणाच्या नियमांखाली आणलं. त्यानंतर "केवळ मनोरंजनासाठी" ही तळटीप सर्रास झाली. ज्यांच्यासाठी मृतांशी संवाद हा धर्मच आहे त्यांनी याला विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

तळटीप आपल्याकडेही टाकता येईल. पण बैठकीत "वडील म्हणतायत" आणि खाली बारीक अक्षरात "मनोरंजन", असं असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. दक्षिणा म्हणा की फी, प्राप्तिकराच्या लेखी ते उत्पन्नच.

खडू-फळा
उंबरठा, तुमचं गृहीतकच तपासायला हवं. विश्वास प्रामाणिक असूनही माहिती समोरच्याकडूनच येऊ शकते, आणि मीडियमला ते कळतही नाही. "छातीच्या बाजूला काही त्रास होता का?" वयस्कर माणसाच्या बाबतीत हृदय, फुप्फुस, धाप, काहीतरी लागतंच. "स किंवा म वरून नाव?" आपल्याकडे प्रत्येक घरात एक सुमन किंवा मधुकर निघतो. विधान वाटतं, असतो प्रश्न. "हो" म्हटलं की धागा पुढे, "नाही" म्हटलं की "मग घरी विचारा". शिवाय यूपीआयने पैसे पाठवले की तुमचं पूर्ण नाव आधीच पोचलेलं असतं. तिथून फेसबुकवरची "भावपूर्ण श्रद्धांजली" शोधायला किती वेळ लागतो?

अमेरिकेतल्या लिओनोरा पायपर या मीडियमच्या प्रामाणिकपणावर शंका घेणारे त्या काळी फार नव्हते. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉल यांनी 1909 मध्ये तिच्यासमोर बेसी बील्स नावाची मेलेली भाची मागितली. अशी भाची कधी नव्हतीच. तरी ती आली आणि बोलली.

तुम्हीही करा. पैसे मित्राच्या खात्यातून, फोन त्याचा, नाव सांगायचं नाही. एक नसलेली मावशी विचारायची. नंतर रेकॉर्डिंग ऐकून दोन रकाने करा: मीडियमने सांगितलेलं, आणि तुम्ही आधी बोललेलं. दुसरा रकाना लांबच लांब निघाला तर तुम्ही कशाचे पैसे दिले ते दिसेल.

ओंजळ
एक भर. पहिल्या काही आठवड्यांत शोकातल्या माणसाकडून पैसे घेऊच नयेत. त्या अवस्थेतली "हो" ही संमती म्हणून कच्ची असते. वर्षभरानंतरही कुणी दर आठवड्याला बैठक मागत असेल, झोप-जेवण-काम सुटलं असेल, तर तो मानसोपचाराचा विषय आहे. 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. तिचा नंबर मीडियमने स्वतःच्या बुकिंगच्या मेसेजमध्येच टाकावा. ग्राहक कमी होईल म्हणून टाकत नसेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

उंबरठा
आभार. रेकॉर्डिंगला मात्र बरेच जण नकार देतात, यंत्राने लहरी बिघडतात म्हणून.

तिरकीट
झूमवर बसून?