पर्जुरीला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अर्धविराम: इंग्रज कादंबरीकार जेफ्री आर्चरवरचा एक लेख मराठीत करतेय. १९८७ मध्ये त्याने एका पेपरवर बदनामीचा दावा लावला, जिंकला, पाच लाख पौंड घेतले, आणि पुढे त्या दाव्यात तो कोर्टात खोटं बोलला होता असं सिद्ध होऊन २००१ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा पर्जुरी. मी 'शपथभंग' लिहून मोकळी झाले, तर मावशी वाचून म्हणते, कसली गं शपथ मोडली त्याने, दारू सोडली होती का? तेव्हापासून शब्द टोचतोय.

बोरू: खोटी साक्ष. संपला विषय.

अर्धविराम: नाही ना संपत. त्याचं प्रतिज्ञापत्रही खोटं होतं. 'साक्ष' म्हटलं की माणूस पिंजऱ्यात उभा दिसतो.

काळा कोट: मावशींचं बरोबर आहे. शपथ मोडणे म्हणजे पुढचं वचन न पाळणे, इथे बोलतानाच खोटं बोललाय. आणि गंमत म्हणजे आपल्या दंड संहितेच्या कलमात पर्जुरी हा शब्दच नाही, इंग्रजी पाठातसुद्धा. कलम १९१, आता न्याय संहितेत २२७, 'खोटा पुरावा देणे'. शपथेने बांधलेला असो नाहीतर शपथेशिवाय कायद्यानेच खरं सांगायला बांधलेला असो, दोन्ही त्यात आले, म्हणून आपल्याकडे नुसती शपथ धरून चालत नाही. कोर्टाच्या कामात असेल तर सात वर्षांपर्यंत. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं: अमका त्या दिवशी तिथे होता हे मला माहीत आहे, असं कोणी शपथेवर सांगितलं आणि त्याला मुळात काहीच माहीत नव्हतं, तर तो अमका खरंच तिथे असला तरी हा खोटा पुरावाच. उलट, सही त्याचीच असावी असं मला वाटतं, असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि ती दुसऱ्याची निघाली, तर गुन्हा नाही. बाररूममध्ये मात्र आम्ही यातलं काहीच म्हणत नाही, 'तीनशेचाळीस टाकतो' म्हणतो, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली कोर्टाकडे अर्ज. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ते ३७९ झालंय, पण जिभेवर अजून तीनशेचाळीसच.

गोदाकाठ: आमच्या मराठवाड्यातले जुने वकील 'दरोगहलफी' म्हणायचे, निजामाच्या कोर्टाची भाषा उर्दू होती ना. दरोग म्हणजे खोटं, हलफ म्हणजे शपथ. दोन्ही गोष्टी एका शब्दात!! मी लहानपणी दरोग्याने केलेला गुन्हा समजायचो 😀

व्युत्पन्नमती: घरात सोनं असताना फारसी कशाला उसनी आणायची? धर्मशास्त्रात 'कूटसाक्षी', म्हणजे खोटा साक्षीदार, आहेच, त्यावरून कूटसाक्ष. आणि साक्षी म्हणजे साक्षात पाहणारा, खुद्द पाणिनीचं सूत्र आहे. न पाहता बोलला तो साक्षीच नव्हे, वकीलसाहेबांचं उदाहरण त्यातच आलं.

बोरू: कूटसाक्ष ऐकून मला कूटप्रश्न आठवला. वाचकाला कोडं घालायचंय की बातमी सांगायचीय? पर्जुरीच लिहा, कोर्ट चालतं, वकील चालतो, अपील चालतं, मग यालाच सोवळं का?

व्युत्पन्नमती: असंच म्हणत म्हणत 'न्यायालय' पण घालवाल. महापौर, दिनांक हे शब्दही एकेकाळी कोणीतरी घडवलेच, तेव्हाही लोक हसलेच असतील.

उंबरठा: 'फितूर' का नाही चालणार? साक्षीदार फितूर झाला असं पेपरात रोज येतं.

काळा कोट: नको हो, ते होस्टाइल. दोन्हींची गल्लत पेपरवालेच करतात. पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब शपथेवर नसतो, साक्षीदाराची सहीसुद्धा घेत नाहीत. कोर्टात तो उलटला म्हणजे खोटं बोलला असंच नाही, कदाचित आधीचा जबाबच खोटा असेल आणि आता खरं बोलतोय. हां, मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर एक सांगितलं आणि खटल्यात शपथेवर दुसरं, मग अवघड आहे.

उंबरठा: म्हणजे खरं बोलणाऱ्यालाही फितूर म्हणतो आपण? भारीच की. गडाचा दरवाजा उघडून देणारा तो फितूर असं शाळेत शिकलो.

अर्धविराम: मंडळी, आर्चर... 'शपथेवर खोटं बोलल्याबद्दल शिक्षा झाली' असं अख्खं वाक्यच टाकू का? इंग्लंडच्या कायद्यात तर शपथ लागतेच ना?

काळा कोट: हो, १९११ चा त्यांचा कायदा शपथेवरच उभा आहे. टाका बिनधास्त.

व्युत्पन्नमती: एका संज्ञेला चार शब्द! मग मथळ्यात काय लिहिणार?

गोदाकाठ: शपथेवरून आठवलं, कोर्टात गीतेवर हात ठेवतात हे फक्त पिक्चरमध्येच ना? आमच्याकडे खरी शपथ म्हणजे बेलभंडार उचलणे. तो उचलून खोटं बोलायची छाती नव्हती कोणाची.

काळा कोट: गीता वगैरे काही नाही आता. ईश्वराची शपथ, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन. आणि बारा वर्षांखालच्या पोराला खरं बोलायचं असतं एवढं कळतं पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही असं कोर्टाला वाटलं, तर त्याला शपथच देत नाहीत.

बोरू: दृढकथन 😂 आणि कूटसाक्षेला मी हसत होतो.

उंबरठा: बेलभंडार की बेलभंडारा? आमच्याकडे जेजुरीहून आणतात तो भंडारा.

गोदाकाठ: भंडारच. भंडारा म्हणजे जेवण.

उंबरठा: 'भंडारा उधळला' म्हणतात तेव्हा काय जेवण उधळतात का?