खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडी कान पाडते, चावायला येते. माज की दुखणं?

राम राम मंडळी,

मी वडणग्याचा. धाकट्या काकांनी सारंगखेड्याच्या बाजारातनं मारवाडी घोडी आणलीय. शर्यतीला पळवायची नाही, वरातीत नाचवायची नाही, नुसती रपेटीला. स्वभावानं गरीब. खरारा करताना डोळे अर्धे मिटतात, खालचा ओठ लोंबतो, मागचा एक पाय सैल सोडून उभी राहते.

भानगड खोगीर घालताना होते. तंगाला हात लावला की मान ताठ, नाकपुड्या आक्रसतात, शेपटीचे फटकारे सुरू. आवळायला घेतलं की तोंड वळवून थेट दंडाकडं येते. एकदा पाठीवर बसलं की मग काही नाही, मजेत चालते.

रंकाळ्यावर घोडा फिरवणारे ओळखीचे मामा म्हणतात, "माजलीय, दोन फटके द्या, सरळ हुईल." चुलतभाऊ व्हिडिओ बघून तिला दोरीवर गोल गोल पळवतो आणि तिनं ओठ चाटले, तोंड चघळलं की म्हणतो, "बघ, ऐकली." मला दोन्ही पटत नाही. आधी घाबरलेला घोडा ताण उतरल्यावरही तसंच करतो ना?

दुसरं म्हणजे कान. मारवाडीच्या कानांची टोकं आत वळलेली, जवळजवळ एकमेकांना टेकतात. त्यामुळं रागानं पाडलेत की मागचा आवाज ऐकायला वळवलेत, तेच उमगत नाही. जाणकारांनी सांगावं. खोगीर आधीच्या घोड्याचं आहे. चारा सकाळ-संध्याकाळ, दुपारभर दावणीला रिकामी उभी असते.

प्रतिसाद:
दादा, टोकं बघू नका, कानाचं बूड बघा. बूड मागं फिरलंय पण कान उभाच आहे, तर ती ऐकतेय. बुडापासनं मानेवर चपटा झाला तर ती धमकी. सोबत नाकपुड्या, शेपटी आहेच. नुसत्या कानावर निकाल देऊ नये.

पाठीवर बसल्यावर गप्प असते म्हणून दुखत नाही असं धरू नका, पुष्कळ घोडी सोसतात. दुसऱ्याचं खोगीर आणि दुपारभर रिकामं पोट, मला हे दोन्ही खटकतंय. घोड्याच्या पोटात आम्ल सारखं तयार होत राहतं, चारा नसला की जठराला व्रण पडायची भीती. तंग आवळल्यावर चिडणं हे त्याचं एक लक्षण असू शकतं. खोगीर न घालता तंगाच्या जागेवर, दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूहळू दाबून बघा. खांद्याशी उभं राहून, तोंडावर लक्ष ठेवून.

दुखणं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तरच शिकवणीचा विचार. तेव्हा एक भोक आवळा, ती शांत झाली की हात काढा. ती चावायला आल्यावर हात काढलात तर चावलं की सुटका होते, एवढंच ती शिकणार. फटक्यानं कान पाडायची थांबेल एखाद्या वेळेस, मग इशारा न देता थेट चावेल.

धागाकर्ता:
आत्ताच दाबून बघितलं. उजवीकडं काही नाही. डावीकडं कोपरामागं बोट लावलं की कातडी थरथरते, तिथं केसही घासून गेलेत. डॉक्टरांना सांगितलंय. तोवर खोगीर बंद, आणि दुपारी गवताची पेंढी समोर. मामांना काय सांगायचं तेवढं बघतो.