बी विंगचा ओला जिना

तृप्ती, बी-२०३: आईंच्या मनगटाला प्लॅस्टर घातलंय, सहा आठवडे. सकाळी जिना धुतला होता, पाय सटकला. सावरायला टेकलेला हातच मोडला. बाकी बऱ्या आहेत, खुर्चीत बसून मला फोडणीच्या सूचना देतायत.

सावंत (सेक्रेटरी): काळजी घ्या वहिनी. यापुढे जिना धुतल्यावर पुसून घ्यायला सांगतो.

देशपांडे काका, ए-१०१: काकू तर रोज दूध घेतात ना? मी दूधही घेतो आणि साडेसहाचं कोवळं ऊनही.

अनघा (फिजिओ), सी-५०१: काका, त्या उन्हात प्रसन्न वाटतं, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ काहीच तयार होत नाही. त्यासाठी अकरा ते दोनमधलं ऊन हवं, हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. गॅलरीची काच लावून बसलात तर उपयोग नाही, ते किरण काचेतून येत नाहीत.

देशपांडे काका: अकराला गच्चीवर? पापड होईल माझा.

शुभांगी, ए-३०२: जाच काका. आमच्या कुरडया वाळत घातल्यायत, कावळेही हाकलले जातील.

तृप्ती: डेक्सा केली, हाडांची घनता मोजायची तपासणी. त्यात आईंचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. इतकी वर्षं काही दुखलं नाही हो त्यांचं.

अनघा: हाड ठिसूळ होताना दुखत नाहीच. पाळी गेल्यावरची पहिली काही वर्षं तर ते भराभर झिजतं.

मीना मावशी, बी-१०४: मला ड जीवनसत्त्वाचे सॅशे दिलेत, ६०,००० युनिटचे. आज पाचवं घेतलं.

अनघा: रोज एक??

मीना मावशी: चिठ्ठीवर १ × ८ लिहिलंय. म्हणजे आठ दिवस ना?

अनघा: आठ आठवडे असणार मावशी! उद्याचं घेऊ नका. आत्ता डॉक्टरांना फोन लावा.

तृप्ती: आमच्याकडेही घोळच. आई थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकदमच घ्यायच्या. डॉक्टरांनी चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलंय.

शुभांगी: नाचणीची भाकरी सुरू करा. १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दिवसाला हजार-बाराशे लागतं. वर तिळाची चटणी.

अनघा: खा सगळं, चाला, जिने चढा. पण पडू नका! बाथरूममध्ये धरायला काय आहे ते आज प्रत्येकाने बघा. बहुतेकांकडे टॉवेलची दांडी. माणसाचा भार आला की ती स्क्रूसकट हातात येते. पक्की दांडी बसवून घ्या.

तृप्ती: आणि सावंत, आमच्या मजल्यावरचा बल्ब संक्रांतीपासून गेलाय. तीन वेळा लिहिलंय इथे.

सावंत: आज संध्याकाळी बसतो.

मीना मावशी: फोन झाला. सॅशे बंद, रक्त तपासायला बोलावलंय.

देशपांडे काका: गच्चीची किल्ली कोणाकडे असते? आणि शुभांगी, काठी ठेव.