देवयानीच्या फोटोत तिरके ओरखडे : स्टॅकिंगनंतर काय चुकतंय? (मदत हवी आहे)

नमस्कार. गेले दोन महिने देवयानी दीर्घिकेच्या, म्हणजे एम ३१च्या, मागे लागलोय आणि एका जागी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

सामान असं : क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, आतला फिल्टर न काढलेला. १३५ मिमी लेन्स, एफ/२.८. ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) आहे, गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकरची चूक आपोआप सुधारणं) नाही. आयएसओ ८००, ६० सेकंदांच्या १२० फ्रेम्स, सगळ्या रॉ. म्हणजे सलग दोन तास, अमावस्येच्या रात्री.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबणं मी केव्हाच सोडलं. लाइव्ह व्ह्यूत एखादा ठळक तारा १० पट मोठा करतो, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग केसभर इकडेतिकडे करतो आणि मग रिंगला चिकटपट्टी लावतो. त्यामुळे सुट्या फ्रेममध्ये तारे गोल आहेत, कोपऱ्यांतसुद्धा.

घोटाळा स्टॅकिंगनंतर, म्हणजे सगळ्या फ्रेम्स एकावर एक रचून एक फोटो केल्यावर, होतो. डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम्स जुळवल्या, गाभा सुरेख आला, शेजारच्या एम ३२ आणि एम ११० या छोट्या दीर्घिका पण दिसल्या. पण बाहेरच्या फिकट भुजा वर आणायला कर्व्ह ताणला (अंधारा भाग उजळवला) की सगळ्या पार्श्वभूमीवर तिरके ओरखडे उमटतात. लाल-हिरवे, पावसाच्या सरींसारखे, सगळे एकाच दिशेने. नॉइज फ्रेम्सच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो, म्हणजे १२० फ्रेम्सनी तो साधारण ११ पट कमी व्हायला हवा. दाणेदारपणा गेलाही. ओरखडे मात्र फ्रेम्स वाढवल्या तसे जास्तच उठून दिसायला लागले. हेच मला छळतंय.

काल पहिली आणि शेवटची फ्रेम आलटूनपालटून पाहिली, तर तोच तारा सुमारे ४० पिक्सेल सरकलेला, आणि सरकण्याची दिशा ओरखड्यांना समांतर! मग दोष ध्रुव जुळवणीचा (ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखण्याचा) का? ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर असतो हे माहीत आहे, पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीत) त्याला वर्तुळावर नेमक्या जागीच बसवतो.

डार्क फ्रेम्स (लेन्सला झाकण लावून काढायच्या, सेन्सरचे दोष वजा करायला) दुसऱ्या दिवशी घरात काढल्या. फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम्स, कोपऱ्यांचा काळवंडलेपणा काढायला) काढल्याच नाहीत.

आणखी दोन रात्री घालून एकूण वेळ सहा तासांवर न्यावा, की आधी हे निस्तरावं? हा प्रकाश २५ लाख वर्षं चालून येतोय, तो माझ्याकडून नीट टिपला जावा असं फार वाटतं.

प्रतिसाद :

आधी निस्तरा. निम्मं निदान तुम्हीच केलंय. याला वॉकिंग नॉइज म्हणतात. हॉट पिक्सेल (उजेड नसतानाही चमकणारे सदोष पिक्सेल) सेन्सरवर जागचे हलत नाहीत, तारे मात्र तुमच्याकडे दर फ्रेमला पिक्सेलचा तिसरा हिस्सा सरकतायत. सॉफ्टवेअरने तारे एकावर एक बसवले की हॉट पिक्सेल रांगेने मागे पडतात आणि त्यांची रेघ होते. याच पद्धतीने सहा तास घातलेत तरी रेघा राहतील.

उपाय डिदरिंग. दर पाच-सहा फ्रेम्सनंतर कॅमेरा १५-२० पिक्सेल हलवा, दर वेळी वेगळ्या दिशेला. अंदाजाने जास्त हलला तरी बिघडत नाही, पण एकाच दिशेने ढकलत राहिलात तर पुन्हा तेच. मग स्टॅकिंगला सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेम्सपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळणारी पद्धत) लावा, विखुरलेले ठिपके गळून पडतात.

डार्क सत्र संपल्यावर तिथेच, लगेच काढा. दोन तासांत सेन्सर तापलेला असतो, घरातल्या डार्क त्या तापमानाला जुळत नाहीत. आणि फ्लॅट सोडू नका. फोकस आणि एफ तसाच ठेवून, लेन्सवर पांढरं कापड ताणून, एकसारख्या उजेडात २५-३० काढा. एफ/२.८ला कोपरे काळवंडतातच, आणि फिकट भुजा नेमक्या त्यातच हरवतात.

धागाकर्ता :

खूप आभार, आता उलगडलं. एकच शंका : मध्येच हलवल्यावर ध्रुव जुळवणी बिघडणार नाही ना?

प्रतिसाद :

ट्रायपॉड आणि ट्रॅकरखालच्या वेजला (तिरक्या बैठकीला) हात लावू नका, एवढंच. कॅमेरा ट्रॅकरच्या फिरत्या अक्षावर बसलेला असतो, त्यामुळे एका दिशेला ट्रॅकरच्या बटणांनी आणि दुसऱ्या दिशेला वरच्या ब्रॅकेटच्या स्क्रूने हलवलात तर जुळवणी तशीच राहते. हलवल्यावर कंप थांबायला दहाएक सेकंद द्या, मग पुढची फ्रेम.