'क्लिअरन्सेस'ला मराठीत काय म्हणायचं? स्थलांतर, निष्कासन की गाव उठवणं?

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडकलेय. दिवाळी अंकासाठी स्कॉटलंडच्या इतिहासावर लेख लिहायला घेतलाय आणि त्यात 'हायलँड क्लिअरन्सेस' आलंय. साधारण १७५० ते १८६० या काळात उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून गेलिक बोलणाऱ्या लोकांना जमीनदारांनी जमिनीवरून काढलं, कारण माणसांपेक्षा मेंढ्यांच्या रानाचा खंड जास्त मिळायला लागला. मी आधी सरळ 'स्थलांतर' लिहिलं, दोनदा वाचलं आणि खोडलं. १७०७ मधे इंग्लंडशी एकी झाल्यावर साम्राज्याचा बाजार खुला झाला, ग्लासगोचे व्यापारी तंबाखू आणि साखरेवर गब्बर झाले, तिथे आजही व्हर्जिनिया स्ट्रीट, जमैका स्ट्रीट अशा पाट्या आहेत. तेव्हा जमैकाच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून जाणारा स्कॉटिश पोरगा, ज्याच्या हाताखाली गुलाम राबणार होते, तोही स्थलांतरच करत होता की. त्याला आणि घरातून काढलेल्या म्हातारीला एकच शब्द कसा लावायचा? सुचवा काहीतरी.

प्रतिसाद:
'निष्कासन' आहे ना, सरकारी परिभाषेत चालतं. नाहीतर 'हकालपट्टी'.

प्रतिसाद:
निष्कासन नको हो ताई, ते नोटिशीवरचं वाटतं. आणि हकालपट्टी एकेका माणसाची होते, पक्षातून, नोकरीतून. अख्खं गाव जातं तेव्हा आमच्याकडे 'गाव उठलं' म्हणतात. आमचं गाव धरणात गेलं, माझी आजी शेवटपर्यंत "आमचं गाव उठलं तवा" असंच म्हणायची, विस्थापन हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आणि सांगायला बसली की पहिलं वाशांचंच सांगायची, घराचे वासे उतरवून बैलगाडीत घातले कारण नव्या जागी लाकूड कुठून आणणार. आता हे बघा, स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला सदरलँड परगण्यात स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ साली गावं रिकामी केली तेव्हा छपराची लाकडंच जाळली, म्हणजे लोकांनी परत येऊन घर उभं करायला नको. तिकडे झाडं कमी, वासा म्हणजे घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीच आठवली, फक्त तिला तिचे वासे नेऊ दिले होते. ते काम करणारा जमीनदाराचा कारभारी पॅट्रिक सेलर, त्याच्यावर १८१६ मधे इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

एक मात्र सांभाळा, 'उठलं' नाही, 'उठवलं' लिहा. 'गाव उठलं' म्हटलं की कुणी उठवलं ते वाक्यातून गायब होतं, जणू पाऊस पडला तसं. गेलिकमधे याला 'फुअदाख' म्हणतात, म्हणजे हुसकावणं, हाकलून लावणं, त्यात हाकलणारा ऐकू येतो. इंग्रजी 'क्लिअरन्स'मधे फक्त मोकळी झालेली जमीन दिसते.

प्रतिसाद:
+१ उठवलं. त्याला जोडून, 'क्रॉफ्टर'ला नुसतं शेतकरी लिहू नका, कूळ लिहा. जमीन मालकाची, घर स्वतःच्या हाताने बांधलेलं, आणि मालक म्हणेल तेव्हा निघायचं. १८८२ मधे स्काय बेटावर ब्रेजच्या कुळांनी चराऊ डोंगराच्या हक्कासाठी खंड रोखला, तर ग्लासगोहून पोलीस बोलावले आणि त्यांच्यावर गावच्या बायकांनी दगड चालवले. १८८६ मधे कायदा आला त्याला आपला वाचक कूळकायदा म्हटलं की लगेच समजेल, पण खुलासा करा, आपल्याकडे कूळ मालक झालं, तिथे ते कूळच राहिलं, फक्त मनाला येईल तेव्हा काढता येईना, खंड वाजवी ठरायला लागला आणि हक्क वारसाला मिळायला लागला.

प्रतिसाद:
लेखात डंडी (स्कॉटलंडमधलं ज्यूट गिरण्यांचं शहर) येणार असेल तर 'ज्यूट'चं भाषांतर जपून. माझ्याकडे ताग म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो पिवळ्या फुलांचा, बंगालचा ज्यूट वेगळा. तो बंगालहून डंडीला जायचा, व्हेलच्या तेलात मऊ करायचे आणि त्याची गोणपाटं विणायचे (इंग्रजीतला 'गनी' आपल्या गोणीवरूनच गेलाय). बायका स्वस्तात मिळतात म्हणून गिरणीत बायका जास्त, पुरुष घरी, आणि त्या पुरुषांना तिथे 'केटल-बॉयलर' म्हणायचे, चहाची किटली ठेवणारे. पोट भरायला आयर्लंडहून माणसं इतकी आली की गावाच्या एका भागाला छोटं टिपरेरी (टिपरेरी हा आयर्लंडमधला परगणा) नाव पडलं. पुढे हुगळीकाठी गिरण्या निघाल्या, त्यावर देखरेखीला डंडीचीच माणसं गेली आणि डंडीचा धंदा त्या गिरण्यांनी खाल्ला. म्हणजे तुमच्या त्या एका 'स्थलांतर' शब्दात अजून दोन जणं कोंबलेली आहेत.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, 'गावं उठवली' आणि 'कूळ' दोन्ही घेतले. आता शेवटचं एक, यातच मी जास्त गुंतलेय. जेम्स मॅथेसन, जार्डिन मॅथेसन कंपनीतला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, मुंबईतून जमशेटजी जीजीभाईंचा या कंपनीशी मोठा व्यवहार होता, आणि त्या धंद्यातल्या पैशावर मॅथेसनने १८४४ मधे स्कॉटलंडच्या वायव्येचं अख्खं लुईस बेट विकत घेतलं, स्टॉर्नोवेला वाडा बांधला. बटाट्याचं पीक गेलं तेव्हा त्याने लोकांना धान्य पुरवलं हेही खरं. पण १८५१ पासून चारपाच वर्षांत दोन हजारांवर लोक कॅनडाच्या जहाजांत बसवले, मुख्यतः ज्यांचा खंड थकला होता ते. आपण सरसकट इंग्रज म्हणून मोकळे होतो, पण हा माणूस सदरलँडचा, जिथली गावं उठवली त्याच मुलखातला, म्हणून त्याला लेखात इंग्रज लिहिणार नाहीये.

अडचण अशी, की इथे घरं जाळली नाहीत, जहाजाचं भाडं भरलं. कागदोपत्री याला 'सहाय्यित स्थलांतर' म्हणतील. माझ्या डोक्यात 'बोळवण' घोळतोय, लेकीची साडीचोळी देऊन करतात ती, आणि नको असलेल्याची काहीतरी हातावर ठेवून करतात तीही. "मॅथेसनने लुईसच्या कुळांची कॅनडाला बोळवण केली." वाक्य मोठ्याने वाचून सांगा, यात सक्ती ऐकू येते का?