सिंपलच्या सेटिंग्ज उचलून नेम सुधारतो का?

तिसरी_गोळी

काउंटर-स्ट्राइक हा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ खेळायला लागलेला माणूस थोड्याच दिवसांत विचारतो, सिंपल हा नामांकित खेळाडू कोणत्या सेटिंग्जवर खेळतो? उत्तर खेळणाऱ्यांना तोंडपाठ आहे: 400 डीपीआय (माऊस एक इंच सरकला की किती काउंट मोजतो), सेन्सिटिव्हिटी 3.09 (त्या काउंटवर खेळात नजर किती वळते), रिझोल्यूशन 1280×960 स्ट्रेच्ड (4:3 चं चित्र रुंद पडद्यावर ताणलेलं). माझं म्हणणं सरळ आहे. हे आकडे उचलू नका. सिंपलचा, म्हणजे ओलेक्सांद्र कोस्तिलेव्हचा खेळ त्या आकड्यांत नाही.

हिशेब करून बघू. काउंटर-स्ट्राइकमध्ये माऊसच्या एका काउंटला सेन्सिटिव्हिटी गुणिले 0.022 अंश इतकं वळणं होतं. सिंपलच्या आकड्यांवर पूर्ण एक फेरा घ्यायला माऊस साधारण 34 सेंटिमीटर सरकवावा लागतो. आता झायवू घ्या, म्हणजे व्हायटॅलिटी संघाचा मॅथ्यू एर्बो. तो 400 डीपीआय आणि 2.0 वर खेळतो, त्याला त्याच फेऱ्याला 52 सेंटिमीटर लागतात. एकाचा हात दुसऱ्याच्या दीडपट फिरतो. एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या संकेतस्थळाच्या वार्षिक क्रमवारीत 2019 आणि 2020 ला झायवू पहिला, सिंपल दुसरा. 2021 आणि 2022 ला सिंपल पहिला, झायवू दुसरा. दोघंही मुख्यतः एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल चालवणारे. सलग चार वर्षं जगातले पहिले दोन खेळाडू इतक्या वेगळ्या सेन्सवर (सेन्सिटिव्हिटीवर) खेळत असतील, तर नेमका कुठला आकडा जादूचा?

खरा खेळ बघायचा तर 2016 चं कलोन मेजर बघा; मेजर म्हणजे या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा. लिक्विड संघाकडून खेळताना फ्नॅटिक संघाविरुद्ध कॅश या मॅपवर (खेळातल्या मैदानावर) सिंपल बी साइटच्या हेवन नावाच्या उंच जागेवरून खाली झेपावतो आणि हवेतच, स्कोप (दुर्बीण) न लावता, एडब्ल्यूपी झाडतो. एक पडतो. पाय जमिनीला टेकल्यावर पुन्हा स्कोपशिवाय दुसराही. खेळ बनवणाऱ्या वाल्व्हने पुढे त्या जागी ग्राफिटी काढली. ते धाडस कुठल्या कॉन्फिग फाइलमध्ये मिळणार आहे?

स्थिरहात

पूर्ण असहमत. तुम्ही जगातल्या पहिल्या दोघांची तुलना करताय, पण सेटिंग्ज कॉपी करणारा माणूस तिथे नसतो. तो असतो 1600 डीपीआय आणि 3 च्या सेन्सवर, कारण माऊस खोक्यातून काढला तसाच लावलेला असतो. त्याचा पूर्ण फेरा 9 सेंटिमीटरच्या आत होतो. लांबच्या कोपऱ्यावर डोकं दिसतं तेव्हा बोट जरा थरथरलं तरी क्रॉसहेअर (नेमाची खूण) डोक्यावरून निघून जातो. नुसत्या मनगटावर खेळ चालतो, दंड कधी हलतच नाही. अशा माणसाने डोळे झाकून सिंपलचे आकडे टाकले तरी दोन तासांत फरक जाणवतो.

तुमच्याच हिशेबाने 34 काय आणि 52 काय, दोन्ही 9 पासून खूप लांब आहेत. जे खेळाडू रोज तासन्‌तास खेळून या पट्ट्यात स्थिरावलेत, त्यांच्या अनुभवाचा फायदा नवख्याने का घेऊ नये? पट्टा उचला, मग त्यात स्वतःची जागा शोधा.

धूरफेक

धागाकर्त्यांच्या निष्कर्षाशी सहमत, उदाहरणाशी नाही. हवेत असताना स्कोपशिवाय झाडलेली एडब्ल्यूपीची गोळी क्रॉसहेअर जिथे आहे तिथे जाईलच असं अजिबात नाही. त्या क्षणात हिंमत होती, पण नशीबही होतं.

सिंपलची कारकीर्द सांगायची तर 2018 आणि 2021 शेजारी ठेवा. 2018 ला तो जगात पहिला, तरीही लंडनच्या मेजरच्या फायनलमध्ये त्याची टीम नावी अॅस्ट्रॅलिस संघाकडून हरली. 2021 ला स्टॉकहोममध्ये नावीने एकही मॅप न हरता मेजर जिंकलं आणि एमव्हीपी (स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू) सिंपल. मधे काय बदललं? बूम्बल कप्तान झाला, परफेक्टो आला, बिट संघात स्थिरावला, इलेक्ट्रॉनिक आधीपासून होताच, आणि बाहेर ब्लेडसारखा प्रशिक्षक. त्याला पहिली गोळी मिळावी म्हणून इतर चौघं जागा मोकळी करत होते. स्टॉकहोमच्या फायनलमधलं जी-टू संघाविरुद्धचं न्यूक (हाही एक मॅप) पुन्हा बघा, 22-19 ला संपलेलं. त्यात सिंपलचा माऊस बघू नका, तो कुठल्या क्षणी कुठे उभा आहे ते बघा.

मला तर वाटतं सेटिंग्जच्या शोधाने नवीन मुलांचं मोठं नुकसान होतं. डेमो (सामन्याचं रेकॉर्डिंग) बघायला बसतात आणि क्रॉसहेअरचा कोड टिपून उठतात.

चौकोनी_पडदा

रिझोल्यूशनबद्दल कुणीच बोललं नाही आणि खरी चूक तिथे होते. पडद्याचं 1280×960 सारखं 4:3 प्रमाण घेतलं की आडवा दृष्टिकोन 90 अंश राहतो, 16:9 वर तो साधारण 106 असतो. म्हणजे दोन्ही कडांची मिळून 16 अंशांची जागा दिसेनाशी होते. स्ट्रेच केल्यावर माणूस एक तृतीयांशाने रुंद दिसतो हे खरं, पण तो पडद्यावरून सरकतोही तेवढ्याच पटीने वेगात. त्याच्यावर क्रॉसहेअर नेण्यासाठी माऊस जितका सरकवायचा तितकाच सरकवावा लागतो. फायदा डोळ्यांच्या सोयीचा आहे, शिवाय कमी पिक्सेल काढायचे म्हणून फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात. मशीन आधीच भरपूर फ्रेम्स देत असेल तर कडा गमावून नेमकं काय कमावलं, हे स्वतःला विचारा.

स्थिरहात

डोळ्यांची सोय ही लहान गोष्ट नाही. धुराच्या कडेला अर्धा खांदा दिसतो तेव्हा तो रुंद दिसणं मला हवंच आहे. आणि सेटिंग्जने काहीच होत नसतं तर ऑगस्ट 2024 मध्ये वाल्व्हने स्नॅप टॅपसारख्या कीबोर्डच्या सोयींवर बंदी कशाला घातली असती? धावताना थांबण्यासाठी उलट दिशेची कळ अचूक वेळी दाबावी लागते. ते कौशल्य कीबोर्ड परस्पर करून देत होता. काही सेटिंग्ज खेळ बदलतात, हे खुद्द वाल्व्हने मान्य केलं.

तिसरी_गोळी

स्नॅप टॅप ही माणसाचं काम यंत्राला देण्याची गोष्ट आहे. 3.09 माणसाचं कुठलंच काम कमी करत नाही. दोन्ही एका पारड्यात टाकू नका.

पट्ट्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. 9 सेंटिमीटरवाल्याने सेन्स कमी करावाच. पण तो करताना सिंपलचं नाव मधे आणायची गरज काय? माऊसपॅड किती रुंद आहे बघा, कोपर टेबलावर टेकतं का बघा. पॅडच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत एका झटक्यात मागे वळता येईल असा आकडा लावा आणि मग महिनाभर त्याला हात लावू नका. नाव आलं की माणूस आज सिंपल, उद्या झायवू, परवा डाँक असं करत राहतो आणि हाताला काहीच सवय लागत नाही.

स्थिरहात

महिनाभर हात लावू नका, हे शंभर टक्के मान्य. पण मुलं एका आकड्याला चिकटून राहतात ती बहुतेक वेळा त्या नावामुळेच. स्वतः ठरवलेला आकडा पहिल्या दोन हरलेल्या मॅचनंतर बदलला जातो. ‘सिंपल यावर खेळतो’ एवढी खात्री असली की दोष सेन्सला न देता हाताला दिला जातो, आणि सराव तिथूनच सुरू होतो. म्हणून नवीन कुणी विचारलं तर मी 400 आणि 3.09 हेच सांगणार.